काळ्या कोटाला कलम, झाडूला काय?

माझा मावसभाऊ मेल गाडीत झाडू मारतो. डब्यातले संडास धुतो, कचरा उचलतो, बेसिन तुंबलं तर हात घालून मोकळं करतो. अंगात ठेकेदाराने दिलेला टी-शर्ट, गळ्यात ठेकेदाराचं कार्ड. मराठवाड्यातून मुंबईला येणाऱ्या गाडीवर त्याची ड्युटी. त्या रात्री स्लीपरच्या एका डब्यातलं पाणी संपलं. पाणी भरणं हे त्याचं काम नाही. ते स्टेशनावर भरतात, ते भरणारे वेगळे. पण प्रवाशांच्या डोळ्यांसमोर उभा होता तो हा. चौघांनी त्याला संडासाच्या दारातच धरलं आणि बडवलं. एकाने शिवी दिली ती जातीची दिली. बाकीचा डबा चादरी अंगावर ओढून बघत राहिला.

सकाळी तो सरळ गोदीच्या गेटावर आला. माझी रातपाळी सुटत होती. जबडा सुजलेला, खालचा एक दात हलतोय, एका कानात सारखा घूं आवाज. मला म्हणाला, "दादा, कंप्लेंट करायचीय. रेल्वेत ड्युटीवर असताना मारलंय, म्हणजे केस मोठी होईल ना?"

पोरगं भाबडं. त्याला वाटत होतं, रेल्वेत काम करणाऱ्याला हात लावला की हात लावणारा आत जातो. मलाही तसंच वाटत होतं. आम्ही रेल्वे पोलिसांकडे गेलो.

हवालदाराने विचारलं, "तू रेल्वेचा नोकर का?"

"रेल्वेतच काम करतो साहेब."

"पगार कोण देतो?"

"ठेकेदार."

"मग ठेकेदाराचा माणूस. दात पडलाय का?"

"हलतोय."

"पडला नाही ना? मग एनसी."

एवढं बोलणं. दोन मिनिटं. पुढच्याच बाकावर एक टीसी बसला होता. काळ्या कोटाची कॉलर फाटलेली, गालावर वळ. विनातिकीट पकडलेल्या दोन पोरांनी त्याला मारलं होतं. त्याचे वरचे साहेब आले, सुरक्षा बलाचा जवान साक्षीला आला, कागद भराभर लिहिले गेले, कलमं पडली, त्याला मेडिकलला नेलं. माझ्या भावाचा ठेकेदार आला नाही. फोनवर म्हणाला, लफडं वाढवलंस तर कार्ड काढून घेईन.

मित्रांनो, त्या टीसीला जे मिळालं ते मिळायलाच पाहिजे होतं. त्याबद्दल माझ्या पोटात दुखत नाही. माझा सवाल सरळ आहे. एकाच रेल्वेवर, एकाच रात्री, दोन कामगारांनी ड्युटीवर मार खाल्ला. एकाच्या गालाला कलम आहे आणि दुसऱ्याच्या जबड्याला नाही. का?

मी मॅट्रिक पास. कायद्याचं इंग्रजी मला झेपत नाही. पण वस्तीतल्या एका वकिलाला गाठलं, पुस्तकं मागून आणली आणि पंधरा दिवस पाळी सुटल्यावर त्याच्या शेजारी बसून वाचली. जे कळलं ते इथे मांडतो. आपल्या पोरांना हे पाठ पाहिजे.

रेल्वेचा कायदा १९८९ चा. त्यातलं कलम १४६ म्हणतं, रेल्वे नोकराच्या कामात जाणूनबुजून अडथळा आणला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता त्याच कायद्याचं कलम १३७ उघडा. रेल्वेला फसवायच्या इराद्याने विनातिकीट प्रवास केला तर काय? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे तिकिटाचे पैसे बुडवणं आणि तिकीट विचारणाऱ्याला अडवणं, ह्यांची किंमत कायद्याने एकच लावली आहे. रेल्वेच्या कायद्यात रेल्वे कामगाराची पत ही.

मारहाणीचं जड कलम दुसऱ्या पुस्तकात आहे. आधी भारतीय दंड संहिता होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. जुनं ३५३ म्हणजे आता १३२: सरकारी नोकराला कामापासून अडवण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर, दोन वर्षांपर्यंत कैद. जुनं ३३२ म्हणजे आता १२१: सरकारी नोकराला त्याच कारणाने दुखापत, पाच वर्षांपर्यंत कैद. दोन्ही दखलपात्र, दोन्ही अजामीनपात्र. पोलिस स्वतःहून तपास करू शकतात, उचलू शकतात. टीसीच्या केसमध्ये ही कलमं पडली.

आणि साध्या माणसाला साधी दुखापत? कलम ११५. एक वर्षापर्यंत कैद, पण अदखलपात्र. म्हणजेच एनसी. मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय पोलिस तपासाला हात लावणार नाहीत. हवालदाराने दात का विचारला, तेही मला वाचल्यावर कळलं. हाड मोडलं किंवा दात पडला तर कायद्याने ती जबर दुखापत होते आणि कलम बदलतं. नुसता हललेला दात कायद्याला दिसत नाही. म्हणजे माझ्या भावाने आणखी एक ठोसा खाल्ला असता, तर त्याची फिर्याद मजबूत झाली असती!

आता मुद्द्याची गोष्ट. रेल्वे नोकर कोण? कायदा म्हणतो, केंद्र सरकारने किंवा रेल्वे प्रशासनाने रेल्वेच्या सेवेसंबंधात नोकरीला ठेवलेला माणूस. २००३ साली दुरुस्ती करून त्यात सुरक्षा बलाचे जवानही स्पष्ट शब्दांत घातले. म्हणजे व्याख्या रुंद करता येते. करायची असली की करता येते. मग गाडीत झाडू मारणारा? एसीच्या डब्यात चादरी वाटणारा? पँट्रीत रात्रभर चहा ओतणारा? फलाट धुणारी बाई? पार्सलची पेटी डब्यात चढवणारा? हे सगळे रेल्वेतच राबतात. रेल्वे त्यांच्याशिवाय एक दिवस चालत नाही. पण त्यांच्या पगाराच्या कागदावर ठेकेदाराचा शिक्का आहे, म्हणून ते त्या व्याख्येच्या बाहेर. आणि लाल सदऱ्याचा, दंडावर बिल्ला बांधलेला हमाल? त्याला तर पगारच नाही, नुसतं लायसन. २०१६ च्या रेल्वे बजेटात त्याचं नाव कुली बदलून सहायक केलं. नाव बदललं, पाठीवरचं ओझं तेवढंच राहिलं.

गाव सोडलं की गावकूस सुटेल, असं आपल्या बापांना वाटलं होतं. शहरात आले, गिरणीत गेले, गोदीत गेले, रेल्वेत गेले. गावकूस त्यांच्या मागे मागे आलं. आज त्याचं नाव ठेका आहे. आत परमनंट, बाहेर ठेक्याचे. आत कोण आणि बाहेर कोण हे मोजायला शिरगणती करायची गरज नाही. कुठल्याही टर्मिनसवर जा, गाडी धुणाऱ्यांच्या टोळीजवळ उभे राहा, आडनावं विचारा. आमच्या गोदीतही हेच. एकाच जहाजावर, एकाच लोखंडाच्या कॉइलखाली दोघे उभे. एकाच्या पायावर पडली तर बोर्डाचं हॉस्पिटल, दुसऱ्याच्या पायावर पडली तर मुकादम विचारतो, पास कुणाचा?

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांची परिषद भरली. बाबासाहेब अध्यक्ष होते. कामगारांचे दोन शत्रू आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे त्यांनी सांगितलं ते तिथेच. हे वाक्य आपण सगळे सभेत घोकतो, टाळ्या घेतो. पण त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचा रोखठोक हिशेब मांडला होता, तो विसरतो. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच आयुष्य काढतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरी घरकाम करावं लागतं, आणि मास्तर स्पृश्य. त्याच्या घरात विटाळ कसा चालेल? म्हणजे रेल्वेची नोकरी कुणाला द्यायची हे मास्तरच्या स्वयंपाकघरात ठरत होतं.

आज कुठला मास्तर घरकाम सांगत नसेल. घटना आली, आरक्षण आलं, आपली पोरं काळा कोट घालून डब्यात फिरू लागली. हे कमी नाही. पण त्या काळ्या कोटाच्या छातीवर नावाची पट्टी असते, आणि पट्टीवर आडनाव असतं. प्रवासी आधी आडनाव वाचतो, मग तिकीट दाखवायचं की नाही ते ठरवतो. आपल्यातल्या एका टीसीने मला सांगितलं, "मार खाल्ल्याचं दुःख नाही रे, 'कोट्यातला' म्हणून मार खाल्ला त्याचं आहे." तो तक्रार द्यायला गेला तर त्याला समजावलं गेलं, सरकारी कामात अडथळ्याचं कलम लावलंय ना, मग ॲट्रॉसिटी कशाला मध्ये आणता? कोटावरचा हल्ला कागदावर आला, माणसावरचा आला नाही.

इथे दुसरा कायदा येतो. तोही १९८९ चाच. अत्याचार प्रतिबंधक कायदा. तो ३० जानेवारी १९९० ला लागू झाला, रेल्वेचा कायदा १ जुलै १९९० ला. एकाच साली जन्मलेले दोघे भाऊ, पण ओळख नाही एकमेकांशी. माझ्या भावाला जातीवरून शिवी दिली होती. मी हवालदाराला म्हणालो, ॲट्रॉसिटी लावा. तो हसला नाही, चिडलाही नाही. म्हणाला, "त्यांना ह्याची जात माहीत होती का? गाडीत कोण कुणाला ओळखतं?"

आता बघा. लोकांच्या देखत जातीच्या नावाने शिवी दिली तर कलम ३(१)(एस) आहे. सहा महिने ते पाच वर्षं. माणसांनी भरलेला डबा म्हणजे लोकांच्या देखत नाही तर काय? एफआयआर घेण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही, हेही २०१८ च्या दुरुस्तीने कलम १८ए मध्ये लिहून ठेवलंय. त्यासाठी २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये आपली माणसं मेली आहेत. आणि सरकारी नोकराने ह्या कायद्याखालचं कर्तव्य मुद्दाम टाळलं तर कलम ४ आहे. तेव्हा शिवीपुरता हवालदार चूक होता.

पण मारापुरता कायद्यातच भोक आहे. मारहाणीला हा कायदा जोडायचा तर कलम ३(२)(व्हीए) म्हणतं, मारणाऱ्याला माणसाची जात माहीत पाहिजे. आणि ती माहीत होती हे कोर्टाने कधी धरून चालायचं? कलम ८ म्हणतं, आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या घरच्यांशी वैयक्तिक ओळख असेल तेव्हा. गावात हे चालतं. गावात पाटलाच्या पोराला सगळ्यांची घरं ठाऊक असतात. पण गाडीत? औरंगाबादला चढलेला आणि कल्याणला उतरणारा माणूस कुणाच्या ओळखीचा असतो?

म्हणून मी म्हणतो, हा कायदा थांबलेल्या गावासाठी लिहिलाय आणि आपला माणूस धावत्या गाडीत मार खातोय. अरे, गाडीत ओळख लागते कशाला? हातात झाडू आहे, तो संडासातून बाहेर येतोय, एवढं पुरतं. ह्या देशात झाडूवर जात छापलेली असते. ती वाचायला शाळा लागत नाही. चारही जणांनी ती वाचली, म्हणून तर तोंडातून तीच शिवी निघाली. फक्त कोर्टात ती छपाई कुणाला दिसत नाही.

कुणी म्हणेल, आरोपी सापडणार कुठे? स्लीपरचा डबा होता. कुठल्या बर्थवर कोण, कुठून कुठपर्यंत, सगळं चार्टमध्ये असतं. चार्ट रेल्वेकडे. टीसीला मारलं असतं तर चार्ट अर्ध्या तासात टेबलावर आला असता. एनसीसाठी चार्ट कुणी काढत नाही.

मग मागायचं काय? काही शहाणे म्हणतील, सजा वाढवा. दहा वर्षं करा. इथे मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. महाराष्ट्रात २०१८ साली ३५३ ची सजा दोन वर्षांवरून पाच वर्षांवर नेली होती. नवी संहिता आली, परत दोन वर्षं. आकडा वर गेला, खाली आला. माझा भाऊ दोन्ही वेळा बाहेरच. आणि हे ३५३ आपल्याला चांगलं ओळखीचं आहे. मोर्चा अडवला, घोषणा दिली, जोत्यावरची झोपडी पाडायला आलेल्या साहेबासमोर उभं राहिलं, की सरकारी कामात अडथळा! आपल्या किती पोरांच्या नोकऱ्या, पासपोर्ट ह्या एका कलमापायी अडकलेत ते प्रत्येक वस्ती जाणते. ज्या काठीचे वळ आपल्या पाठीवर आहेत, ती काठी आणखी जाड करा असं मी मागणार नाही.

आणि सरकारला रेल्वे कामगाराची माया आहे म्हणून हे कलम आहे, असंही कुणी समजू नये. ८ मे १९७४ ला देशातले रेल्वे कामगार संपावर गेले. २७ मे पर्यंत संप चालला. हजारो कामगार तुरुंगात कोंबले, क्वार्टरमधून बायकापोरं रस्त्यावर काढली. तेव्हा रेल्वे कामगारावर हल्ला कुणी केला? ज्याने कलम लिहिलं त्यानेच. सरकार कामगाराला जपत नाही, कामाला जपतं. कामगार थांबला की तोच अडथळा.

आता माझं स्वतःचं. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहायचा मला हक्क नाही. चार वर्षांपूर्वी रे रोडला मला टीसीने धरलं. पास संपलेला, खिशात वीस रुपये, आठवडाभर पाळी लागली नव्हती. मी त्याला ढकललं. तो जिन्यावर पडला. मी पळालो. पळताना एकदा मागे बघितलं. तो उठून आधी कोट झटकत होता, पट्टी सरळ करत होता. पट्टीवर आपल्यातलं आडनाव होतं.

मी कुणावर राग काढला? पाळी न देणाऱ्या मुकादमावर? भाडं ठरवणाऱ्यावर? गर्दीला पुरतील एवढे डबे न देणाऱ्यावर? ते कुणी स्टेशनावर उभे नसतात. उभा असतो टीसी, उभा असतो झाडूवाला. गाडी लेट झाली, पाणी संपलं, पंखा बंद पडला, ह्या सगळ्याचा जाब विचारायला जनतेच्या हाताला एकच गाल सापडतो, आणि तो पगाराच्या सगळ्यात खालच्या पायरीवरचा असतो. वरच्यांनी खालच्यांना असं एकमेकांसमोर उभं केलंय. टीसीच्या छातीवर आता कॅमेरे लावू लागलेत. कॅमेरा थप्पड टिपेल. थप्पड कुठून आली ते त्यात दिसत नाही.

तेव्हा आमची मागणी सजेच्या आकड्याची नाही, व्याख्येची आहे.

एक. रेल्वे नोकर पगाराच्या कागदावरून ठरवू नका, कामावरून ठरवा. जो गाडीत, फलाटावर, रुळावर प्रवाशांसाठी राबतो, तो परमनंट असो, ठेक्याचा असो, बिल्ल्याचा असो, त्याच्यावरचा हल्ला दखलपात्र धरा.

दोन. तक्रार द्यायची जबाबदारी रेल्वेची. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर मुख्य मालक म्हणून रेल्वेकडे बोट दाखवता येतं. मग मार खाल्ला तर का नाही? हल्ला झाला की चार्ट त्याच रात्री ताब्यात घ्या.

तीन. उपचाराचा खर्च आणि बुडालेले खाडे भरून द्या. तक्रार केली म्हणून कार्ड काढून घेणाऱ्याचा ठेका रद्द करा.

चार. सफाईच्या कामावर असलेल्या आपल्या माणसावर जातीची शिवी देऊन हात उचलला, तर जात माहीत होती असंच धरून चाला. ओळख नव्हती हे आरोपीने सिद्ध करावं.

पाच. हे युनियनवाल्यांसाठी. टीसीला मारलं की तुम्ही काळ्या फिती लावता. लावा. पण त्याच गाडीतल्या झाडूवाल्यासाठी एक फीत तरी काढा. तुमच्या सभासदाच्या यादीत त्याचं नाव नाही, हे कारण हवालदाराचं आहे. कामगाराच्या तोंडी ते शोभत नाही.

ह्या मागण्यांचा अर्ज आम्ही वस्तीतल्या तीस जणांच्या सहीने दिलाय. माझ्या भावाच्या प्रकरणावर उत्तर आलंय: चौकशी चालू आहे. आम्ही दर आठवड्याला जाऊन विचारणार आहोत. तुमच्या वस्तीत रेल्वेच्या ठेक्यावरचा कुणी असेल, आणि असणारच, तर त्याला विचारा. मार खाल्लायस का? कागद झाला का? कागद झाला नसेल तर त्याला घेऊन जा. एकटा पाठवू नका. एकट्याला एनसी मिळते.

आणि तुम्ही स्वतः गाडीत असाल, शेजारी असं काही चाललं असेल, तर चादर ओढून पडू नका. मी रे रोडला जे केलं ते पुसता येत नाही. पण पुढच्या वेळी उठून मध्ये उभं राहता येतं. त्याला कुठलं कलम लागत नाही.

माझा भाऊ चौथ्या दिवशी कामावर गेला. तीच गाडी, तोच डबा. दात अजून हलतोय. तो म्हणतो, आता स्टेशन सुटलं की मी आधी पाण्याची टाकी बघतो. पाणी भरणं त्याचं काम नाही. पण मार त्याचा आहे.

जय भीम.